बटणाचा मान

आमच्या गिरणीत चालता येत नाही, नाचावं लागतं. हे मी पहिल्याच दिवशी शिकले, आणि तेही तोंडावर आपटून.

म्हणजे बघा. दारातून आत आलं की पहिली वायर आडवी. ती कोंडा ओढणाऱ्या पंख्याची, जाडजूड, काळी. तिच्यावरून मोठी टांग टाकायची. लगेच पुढं दोन बारक्या वायरी. एक पोती शिवायच्या मशिनची, आणि दुसरी कशाची ते कुणालाच माहीत नाही, पण ती उपसली की ऑफिसातला पंखा बंद पडतो. तिथं दोन लहान उड्या. मग डावीकडं सरकायचं, कारण उजवीकडची फरशी फुटलीय आणि त्या खड्ड्यावर एक लांब फळी टाकलीय. फळीच्या एका टोकावर पाय पडला की दुसरं टोक उठून समोरच्याच्या नडगीवर बसतं. तर टांग, उडी, उडी, डावीकडं. डोक्यावर पोतं असलं तरी हेच आणि हातात चहा असला तरी हेच. आमच्याकडं कामाला असलेला माणूस लग्नाच्या मांडवातसुद्धा ओळखू येतो. सपाट जमिनीवरून चालता चालता तो मध्येच टांग टाकतो आणि वऱ्हाडी मंडळी त्याच्याकडं बघत राहतात.

गिरणी भाताची. भोरहून आंबवड्याकडं जाताना रस्त्याला लागून आहे. हिर्डोशीचं, वेल्ह्याकडचं, पार पासलीचं भात टेम्पोत बसून येतं आणि तांदूळ होऊन जातं. मालक मानसिंगशेठ, माणूस वाईट नाही, पण त्याच्यापुढं गिरणी बंद ठेवायचं नाव काढलं की घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करतो. मिस्त्री गोरखभाऊ. चाळण्यांवर, पोत्यांवर मिळून आम्ही चौदाजण. आणि त्या चौदांत माझी सासू, भामाबाई. तिला मी आत्या म्हणते.

मी माया. लग्नाआधी भोरला आयटीआय केलं, वायरमन ट्रेड. वर्गात बावीस मुलगे आणि मी. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले, सर्टिफिकेट ट्रंकेत घातलं आणि गिरणीत पोत्यांची तोंडं शिवायला बसले. कारण गिरणीतली लाईट म्हणजे गोरखभाऊंचं राज्य. त्यात बाईमाणसानं बोट घालायचं नाही.

आणि राज्य तरी कसलं! गोरखभाऊंनी आयुष्यात प्लग वापरला नाही. वायरीची दोन टोकं दातानं सोलायची, बोर्डाच्या भोकात खुपसायची आणि निसटू नयेत म्हणून वरून काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या. अख्ख्या बोर्डावर काड्यांचं रान माजलेलं. जोड द्यायचा तर चिकटपट्टी नाही, वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा. बाहेर कडुलिंबाखाली अर्थिंगचा पाईप पुरलेला आहे, त्याला भाऊंची शेळी बांधलेली. आणि त्या पाईपापासून मशिनपर्यंत जी तार यायला हवी, ती काढून भाऊंनी टॉवेल वाळत घातलेत. मी एकदा म्हणाले, "भाऊ, ही तार मशिनला पाहिजे."

"मशीन काय ओलं हुतंय व्हय, वाळत घालाया?" भाऊ म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले, काय करणार.

पण खरी गंमत होती ती स्टार्टरची. मोठ्या मोटरीचा तो स्टार्टर म्हणजे भिंतीवरची एक लोखंडी पेटी, तिला एक हिरवं बटण. त्या पेटीत कुठंतरी वायर सोललेली होती, त्यामुळं अख्खी पेटीच झटका द्यायची. बटणाला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. म्हणून पेटीशेजारी एक खिळा, आणि खिळ्याला दोरीनं बांधलेलं लाटणं. पोळ्या लाटायचं लाटणं, हो! सकाळी त्या लाटण्यानं हिरवं बटण दाबायचं, संध्याकाळी त्याच लाटण्यानं लाल. आणि हे काम येऱ्यागबाळ्यानं करायचं नाही. तो मान होता, आणि तो आत्यांचा होता.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी गिरणी तीन दिवस बंद पडलेली. गोरखभाऊ पेटी उघडून आणि मिटून दमले, ज्यानं त्यानं एकेक झटका खाल्ला, मग कुणी पुढं होईना. त्या दिवशी शेठच्या घरी पाहुणे म्हणून आत्या पोळ्या लाटायला गेलेल्या. गलका ऐकला आणि लाटणं हातात घेऊन तशाच आल्या. "बाजूला व्हा रं," म्हणाल्या आणि लाटण्याचं टोक बटणावर हाणलं. गिरणी धडधडत चालू! शेठनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "भामाबाईंच्या हाताला गुण आहे. आजपासून बटणाचा मान यांचा."

तेव्हापासून रोज सकाळी चौदाजण गोळा होतात. आत्या पदर खोचतात, खिळ्यावरचं लाटणं काढतात, एकदा सगळ्यांकडं बघतात, "चला गं बाई" म्हणतात आणि धाप्!

मी सून होऊन आले, चार दिवस हे बघितलं आणि माझ्या जिभेला काही हाड नाही. घरी जेवताना म्हणाले, "आत्या, गुण तुमच्या हाताला नाही. लाकडाला आहे, आणि तुमच्या पायातल्या रबरी चपलेला आहे."

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत त्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एकदम उसळल्या. "आगं, समद्या जल्मात मला कुणी फुडं बोलावलं न्हाई. नवरा गेल्यावर तर लग्नात बी मागं, पंगतीत बी मागं. हितं रोज चौदा माणसं माझ्यासाठनं उभी ऱ्हात्यात. शेठ बी घड्याळ बघत थांबतो. आन तू म्हणतीस लाकूड!"

मला वाईटच वाटलं.

पण दिवाळीनंतरच्या एका सकाळी दव लई पडलं होतं, पत्रा ठिबकून लाटणं भिजलेलं. आत्यांनी बटण दाबलं आणि एकदम दोन पावलं मागं फेकल्या गेल्या. लगेच सावरल्या, पदर नीट केला आणि हसून म्हणाल्या, "आज रुसली व्हती गिरणी." सगळे हसले. घरी आल्यावर मात्र त्यांना उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडता येईना. डाव्या हातानं जेवत होत्या, आणि मी बघत नाही असं बघून हात चोळत होत्या. मला माहीत होतं ना, हे काय आहे ते. वर्गात शिकवलेलं सगळं आठवलं, आणि नको ते चित्र डोळ्यांपुढं येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शेठपुढं जाऊन उभी राहिले. "शेठ, मला एक दिवस द्या. फक्त एक दिवस गिरणी बंद ठेवा. अर्थिंग जोडते, स्टार्टर बदलते, वायरी भिंतीवरनं पाईपातून घेते. माझं सर्टिफिकेट आहे."

"हंगामात?" शेठचा तो चेहरा झालाच. "अंगण भातानं भरलंय माया, आणि गिरणी बंद? अगं, मुंगी चावल्यागत होतं नुसतं. अकरा वर्षांत मेलं का कुणी?"

"अजून तरी नाही."

"झालं तर मग!" म्हणाले, आणि प्रश्न मिटला. संक्रांतीनंतर बघू म्हणाले. मी रागानं इतकी पोती शिवली त्या दिवशी, की दोन पोती एकमेकांना शिवली.

आणि मग तो फोन आला. पुण्याचा एक मोठा व्यापारी आमचा इंद्रायणी तांदूळ वर्षभर उचलायला तयार होता, पण आधी त्यांच्या मॅडम येऊन गिरणी बघणार होत्या. तांदूळ बघणार, आणि माणसं कशी काम करतात, सुरक्षित आहेत का, तेही बघणार. शेठनी फोन ठेवला आणि घाम पुसला.

आता दुसरा कुणी असता तर वायरिंग नीट केलं असतं. आमच्या शेठनी सत्काराची तयारी केली!

आपल्याकडं साहेब आला की त्याला बघू द्यायचं नसतं, बसवायचं असतं. शाल, श्रीफळ, गुच्छ, हार, चहा, पुन्हा चहा, दोन भाषणं, की साहेबाची जायची वेळ होते. शेठनी मांडववाल्याकडनं चार लांब सतरंज्या आणल्या आणि गिरणीच्या जमिनीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंथरल्या. वायरी गायब! फळी गायब! खड्डा गायब! काड्यांच्या बोर्डावर झेंडूच्या माळा सोडल्या. सतरंजी नीट बसावी म्हणून गोरखभाऊंनी सगळ्या वायरी ओढून दीड हात पुढं सरकवल्या.

"शेठ," मी म्हणाले, "वायरी दिसतात म्हणून आम्ही वाचतो. झाकल्या तर सगळे पडतील."

"दिसल्या नाहीत की अडचणच नाही," शेठ म्हणाले. "आणि सतरंज्या भाड्याच्या आहेत. सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या."

अश्विनी मॅडम अकरा वाजता आल्या. तिशीच्या असतील, पायात खेळायचे बूट, हातात वही. बूट काढायला वाकल्या तर शेठ धावले, "छे छे, तुम्ही नका, तुम्ही नका!" आम्ही चौदाजण अनवाणी रांगेत उभे.

पहिले निघाले गोरखभाऊ, हातात ताट, ताटात शाल, दोन नारळ आणि गुच्छ. नवा शर्ट घातलेला. दारातून आत आले आणि सवयीनं, जिथं वायर असायची तिथं, झक्क मोठी टांग टाकली. खाली काहीच नव्हतं. सपाट सतरंजीवर भाऊंनी अशी टांग टाकली, जणू ओढा ओलांडतायत. लगेच दोन उड्या मारल्या आणि डावीकडं सरकले. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

भाऊंच्या मागून हमाल आले खुर्च्या घेऊन. टांग, उडी, उडी, डावीकडं. मग चाळणीवरच्या बायका चहा घेऊन. टांग, उडी, उडी, डावीकडं. एकामागं एक, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही, जणू जगात सगळे असेच चालतात. माझं पोट दुखायला लागलं हसू दाबून.

मॅडमनी हळूच विचारलं, "ही... काही प्रथा आहे का इकडची?"

शेठ घामाघूम. पण माणूस हजरजबाबी. "हो तर! स्वागताची पद्धत आहे आमच्या भागातली. जुनी आहे फार."

आणि मॅडम इतक्या सभ्य, इतक्या सभ्य, की काय सांगू! त्यांनी वही छातीशी धरली, दारात थांबून नीट अंदाज घेतला, आणि आमच्या स्वागताला मान म्हणून स्वतः टांग टाकली. एक उडी मारली. दुसरी मारली. डावीकडं मात्र सरकायच्या विसरल्या, आणि सरळ फळीच्या टोकावर उतरल्या. सतरंजीखालून फळीचं दुसरं टोक असं उठलं की जणू खाली कुणी झोपलेलं उठून बसलं. ते येऊन बसलं शेठच्या नडगीवर. शेठ "आई गं!" म्हणून एका पायावर नाचायला लागले. हे बघून मॅडमना वाटलं, हाही पद्धतीचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग आम्हीही वाजवल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, टाळ्या वाजवल्याशिवाय तोंड लपवता येत नव्हतं.

इकडं गोरखभाऊ ताट घेऊन मागं वळले आणि नव्या जागी गेलेल्या वायरींत पाय अडकून सपशेल आडवे झाले. शाल उडून मॅडमच्या खांद्यावर पडली, अगदी बेतानं टाकल्यासारखी. शेठ लंगडत पुढं झाले आणि घाईघाईत म्हणाले, "शाल देऊन सत्कार झालेला आहे! आता श्रीफळ!" घरंगळलेला एक नारळ त्यांनी पायानं अडवला, उचलला, मॅडमच्या हातात दिला. मग भाषण सुरू केलं. भाताचा इतिहास सांगितला, स्वतःच्या आजोबांचा सांगितला. मॅडम उठू बघायच्या, शेठ म्हणायचे चहा घ्या. तीन चहा झाले त्यांचे.

शेवटी त्या उभ्याच राहिल्या. "मानसिंगराव, सत्कार छान झाला. पण मला गिरणी चालताना बघायचीय. चालू करा."

"अवश्य! आधी मशिनला नारळ," म्हणाले शेठ, आणि दुसरा नारळ मशिनच्या पायावर आपटला. फुटला तो चार ठिकाणी, आणि पाणी उडालं ते सगळं स्टार्टरच्या समोरच्या सतरंजीवर. आत्यांनी पुढं होऊन करवंट्या गोळा केल्या, त्यात त्यांचे हात ओले झाले.

शेठनी छाती पुढं काढली. "मॅडम, आमच्याकडं बटणाचा मान भामाबाईंचा. अकरा वर्षं झाली. यांच्या हाताला गुण आहे."

आत्या करवंट्या ठेवून उठल्या. ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसलेल्या होत्या, केस तेल लावून बसवलेले. पदर खोचला. पेटीपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि खिळ्याकडं हात नेला.

खिळा रिकामा होता.

मला नंतर कळलं, शेठनीच सकाळी सांगितलेलं, "गोरख, ते लाटणं आधी काढ तिथनं. लाटणं लटकलेलं बघून बाई काय म्हणतील?" झेंडूची माळ होती त्या जागी. आत्यांनी वळून शेठकडं बघितलं. शेठनी मॅडमच्या पाठीमागनं डोळ्यांनी खूण केली, हातानंच लावा, हातानंच.

मी दाराशी होते. मला सगळं एकदम दिसलं. पायात चपला नाहीत. सतरंजी ओली. हात ओले. लाटणं नाही. अकरा वर्षं ज्या गोष्टींनी माझी सासू वाचली, त्या सगळ्या आज पाहुण्यांसमोर चांगलं दिसावं म्हणून काढून घेतलेल्या. आणि आत्यांना भीती वाटत होती, मला त्यांच्या पाठीवरनं कळत होतं. उजवा हात त्यांनी एकदा चोळला. पण चौदा माणसं बघत होती, पुण्याच्या मॅडम बघत होत्या, आणि आयुष्यात एकदाच मिळालेला मान होता तो. त्या म्हणाल्या, "चला गं बाई," आणि हात उचलला.

मेनस्विच ऑफिसात, लांब. तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. मी ओरडले, "आत्या! नको!" आणि धावले. टांग नाही, उडी नाही, सरळ धावले. आणि सरळ धावलं की काय होतं आमच्या गिरणीत? वायरीत पाय गेला आणि मी हवेत. पडता पडता हाताला जे लागलं ते धरलं. तो आत्यांचा घोटा होता.

मग आम्ही दोघी कोंड्यात.

पंख्यानं ओढलेल्या कोंड्याचा ढीग तिथंच असतो, कमरेएवढा. त्यात आधी आत्या गेल्या, त्यांच्यावर मी. कोंडा असा उसळला की क्षणभर कुणाला कुणी दिसेना. तोंडात कोंडा, नाकात कोंडा, डोळ्यांत कोंडा. आत्या खालून ओरडल्या, "मेले गं! माझं लुगडं!" लुगड्याची काळजी म्हणजे माणूस जिवंत आहे. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच त्यांच्या गळ्यात पडून हसायला लागले. सगळी गिरणीच हसायला लागली. मॅडमसुद्धा हसत होत्या, त्यांना वाटलं हेही स्वागतच.

हसले नाहीत ते शेठ. "माया! अगं पाहुण्यांसमोर काय तमाशा हा? बटण आहे ते, वाघ आहे का?"

आता मात्र माझं टाळकं सटकलं. मी कोंड्यातनं उठले, थू थू करून तोंड मोकळं केलं, आणि म्हणाले, "वाघ नाही ना? मग तुम्ही लावा."

"काय?"

"तुम्ही लावा बटण. तुमची गिरणी, तुमचं बटण. मुंगी चावल्यागत होतं ना नुसतं? लावा."

"लावतो की! त्यात काय?" शेठ म्हणाले. मॅडमकडं बघून हसले. लंगडत पेटीपुढं आले, ओल्या सतरंजीवर उभे राहिले, बाही वर केली आणि बोट पुढं केलं. बटणापासून चार बोटांवर आले आणि थांबले.

शेठचं बोट तसंच हवेत. त्यांनी पायांखाली बघितलं. मग डोळे वर गेले, माळेआडच्या खिळ्याकडं. मग इकडं तिकडं काहीतरी शोधायला लागले. आणि मग, मॅडमना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलंच, ते म्हणाले, "गोरख, ते लाटणं कुठं ठेवलंस रे?"

गोरखभाऊंनी मान खाली घातली. हसू कुठल्या कुठं गेलं होतं सगळ्यांचं.

कोंड्यातनं आत्या उठल्या. डोक्यापासून पायापर्यंत कोंडा, नुसते डोळे तेवढे काळे. शेठसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी.

"शेठ," आत्या म्हणाल्या, "आत्ता म्या हात घालत व्हते, तवा न्हाई आठवलं तुमाला लाटणं."

शेठचं बोट खाली आलं, हात खाली आला, आणि माणूस आहे त्या जागी ओल्या सतरंजीवर मटकन बसला. मला वाटतं, तेव्हा खरंच पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मॅडमनी पुढं होऊन सतरंजीचं टोक उचललं, खाली बघितलं, झेंडूची माळ बाजूला करून काड्यांचं रान बघितलं. खांद्यावरची शाल काढून घडी केली.

"तांदूळ चांगला आहे तुमचा," एवढंच म्हणाल्या. "ही सगळी माणसं सरळ चालायला लागली की मला फोन करा. मी परत येईन." नारळ मात्र बरोबर नेला त्यांनी.

त्या गेल्या तशा आत्यांनी बाहेर जाऊन आपल्या चपला पायात घातल्या आणि परत आल्या. "माया, समदी लाईट कुठनं बंद हुती?"

मी त्यांना ऑफिसात नेलं. मेनस्विचचा दांडा दाखवला, खाली कोरडी फळी टाकली, त्यांचे हात माझ्या पदराला पुसले, दोनदा पुसले. शेठ लंगडत दारापर्यंत आलेले. आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"चालू करायचा मान माझा हाय ना, शेठ? मंग बंद करायचा बी माझाच."

शेठनी मान हलवली. हो म्हणाले की काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही. आत्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि खाली ओढला. दिवे गेले. ऑफिसातला पंखा गरगरत गरगरत थांबला. ऐन हंगामात, भर दुपारी, अंगण भातानं भरलेलं असताना गिरणी पुरती गप्प झाली, आणि बाहेर भाऊंची शेळी ओरडली ती सगळ्यांना ऐकू आली.

माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, कोंडा गेला होता म्हणून नाही. आत्यांनी ते बघितलं. त्या काही प्रेमानं बोलणाऱ्या बाई नाहीत. त्यांनी माझ्या केसांतला कोंडा एका फटक्यानं झाडला, मला हाताला धरून बाहेर आणलं, आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

"गोरख," त्या म्हणाल्या, "शिडी आण. माझी सून चढणार हाय."